मेंढ्याचा मोतीबिंदू

कीना गावच्या बायकांची सहल सकाळी नऊला इजिप्तमधल्या कर्नाकच्या प्राचीन देवळापाशी उतरली आणि साडेनऊपर्यंत देऊळ बाजूलाच राहिलं. सगळ्या जणी देवळासमोरच्या दगडी मेंढ्यांच्या रांगेतल्या शेवटच्या मेंढ्याभोवती जमल्या होत्या. तिथं सावलीत बखीत बसला होता. अंगात पांढराशुभ्र झगा, बोटांत चार अंगठ्या आणि समोर काचेच्या वाडग्यात हिरवं पाणी.

"पवित्र तळ्याचं पाणी आहे, हज्जा," तो समोरच्या वयस्क बाईला आदरानं म्हणत होता. "फॅरोंचे राजवैद्य यातच हात धुवायचे. आजार रक्त होऊन बाहेर पडतो. डॉक्टरला दिसत नाही तो, पण या पाण्याला दिसतो."

अतियातनं नाक मुरडलं. वीस वर्षं ती कीना स्टेशनाबाहेर करकदे, म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत विकत होती. गोड बोलून गिऱ्हाईक कसं धरतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण तेवढ्यात तिची थोरली बहीण इन्शिराह पुढं सरसावली. इन्शिराहच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गुरुवारी एका डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली होती आणि त्या तारखेसाठी अतियातनं चार महिने हेलपाटे घातले होते.

बखीतनं झग्यातून एक छोटी कुपी काढली, तिच्यात कापूस बुडवला, इन्शिराहच्या मिटलेल्या पापण्यांवरून फिरवला आणि वाडग्यात टाकला. हिरवं पाणी बघता बघता लालभडक झालं. बायकांचे हात गालांवर गेले.

"निघायला लागलं," बखीत म्हणाला. "आता सात शुक्रवार यायचं. आणि डोळ्याला सुरी लावू द्यायची नाही, नाहीतर पाणी रुसतं."

"नाही लावू देत," इन्शिराह घाईघाईनं म्हणाली. "अतियात, गुरुवारचं रद्द कर."

"ताई, डोळे चुरचुरतायत का गं?"

"थोडे."

"आजार निघताना चुरचुरणारच," बखीत मध्येच बोलला.

अतियातनं बहिणीच्या पापणीजवळ नाक नेलं. लिंबाचा वास होता. मग तिनं वाडग्यातला लाल रंग नीट पाहिला. तोच रंग वीस वर्षं तिच्या नखांत मुरला होता.

"बाबा, माझाही एक पेशंट आहे," ती अगदी नम्रपणे म्हणाली. "नवं पाणी घाला."

बखीतनं खुशीत डब्यातलं हिरवं पाणी ओतलं. अतियातनं त्याच्याच कुपीत कापूस बुडवला आणि दगडी मेंढ्याच्या डोळ्यावरून फिरवला. "बिचाऱ्याला तीन हजार वर्षं काही दिसत नाही," ती म्हणाली आणि कापूस वाडग्यात टाकला.

पाणी लालभडक झालं. मग मागून एक जण खुदकन हसली, "अगं बाई, मेंढ्यालाही मोतीबिंदू!"

"दगडालाही आत्मा असतो," बखीत पुटपुटला.

"असेल की. मग त्यालाही सात शुक्रवार बोलवा."

अतियातनं आपल्या थर्मासमधलं करकदे पेल्यात ओतलं, त्यात पाणी घातलं आणि बसच्या ड्रायव्हरकडून त्याचा पित्तावरचा खायचा सोडा मागून घेतला. सोड्याची चिमूट पडताच लाल सरबत हिरवं झालं. वर लिंबू पिळलं, तर फसफसून पुन्हा लाल.

"मी सरबताची पातेली सोड्यानं घासते. रोज संध्याकाळी माझी मोरी हिरवी होते. पण मोरीतून अजून कुणाचा मोतीबिंदू निघाला नाही."

हशा पिकला, तेवढ्यात बखीतनं वाडगा उचलून काढता पाय घेतला.

"बायांनो, चमत्कार हौसेनं बघा," अतियात म्हणाली. "पण आधी तो दगडावर करून बघा. दगडावरही तसाच झाला, तर तुमच्या दुखण्याशी त्याचा काही संबंध नाही. डोळ्याचं दुखणं डोळ्याच्या डॉक्टरलाच विचारा."

इन्शिराह मात्र हसली नव्हती. "त्या पाण्यावर माझा तरी कुठं एवढा विश्वास होता?" ती हळूच म्हणाली. "मला भीती वाटते गं. डोळ्यात सुरी, आणि मी जागी."

अतियातला फार वाईट वाटलं. चार महिने तिनं फक्त तारखेची चौकशी केली होती, बहिणीची केलीच नव्हती. "मी डॉक्टरांना विचारते, ताई. आत येऊ दिलं तर तुझा हात धरून बसेन. नाहीतर दाराशी बसेन, तुला हाक ऐकू येईल अशी."

गुरुवारी ती दाराशी बसली. शुक्रवारी पट्टी निघाली. इन्शिराह बराच वेळ बहिणीकडे बघत राहिली.

"अतियात," ती म्हणाली, "तुझे केस कधी पिकले गं?"