ड्रायव्हरकाकांचं शहर

मित्रांनो, स्वयंपाकघरातल्या अगदी वरच्या फळीवर नजर टाका. पिठाच्या डब्याआड हिरव्या पत्र्याचा, कुशीला पोचा आलेला जो थर्मास दिसतो ना, तोच मी.

कारखान्यात माझ्या पोटात काचेची कुपी बसवली, उकळतं पाणी भरलं आणि बारा तासांनी झाकण उघडलं. वाफ निघाली तशी तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पास!" आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक.

लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हा काकूंनी मला काकांसाठी आणलं. काका लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. काकू सकाळी माझ्यात चहा भरायच्या आणि मी काकांच्या सीटमागच्या खुंटीला लटकत निघायचो. सत्तावीस वर्षं. "याच्यातला चहा दुपारीही जीभ भाजतो!" असं कंडक्टर सगळ्यांना सांगायचे आणि मी मनातून फुलून जायचो.

आमची बस दुपारी एका मोठ्या शहरात पोचायची आणि दोन तासांनी परत फिरायची. तेवढ्या वेळात काका डेपोमागच्या खोलीत खाटेवर आडवे व्हायचे. पाठ टेकली नाही तर परतीची गाडी हाकणार कशी? त्यांनी शहर पाहिलं ते समोरच्या काचेतून दिसलं तेवढंच.

पण घरी काकू हौसेने विचारायच्या, "आज काय काय बघितलंत?" नव्या बायकोला काय सांगणार, खाट बघितली म्हणून? काका म्हणाले, "तळं बघितलं. पांढरे हंस होते." काकूंचा चेहरा असा काही खुलला, की दुसऱ्या दिवशी शहरात बाग आली आणि आठवड्याभरात बागेत कारंजंही उडू लागलं. पुढे तर काका चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरही चढून आले. मला सगळं ठाऊक होतं. पण काय करणार, थर्मासचं तोंड बुचाने बंद असतं!

पुढे काका निवृत्त झाले. घरात स्टीलच्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर गेलो. माझ्यावर धुळीचा थर साचला.

मग एके दिवशी काकूंनी मला उतरवून घासलं. मुलाची जुनी गाडी घेऊन दोघं काकूंच्या धाकट्या बहिणीकडे निघाली होती, दोन दिवसांच्या वाटेवर. दुपारी रस्त्यावर त्या शहराची पाटी दिसली.

"थांबवा! तुमचं शहर दाखवा मला. आधी तळं."

काकांनी नाइलाजाने गाडी शहराकडे वळवली. गाडी लावून आम्ही चालायला लागलो. मी काकूंच्या खांद्यावर होतो. एकाच पोस्टावरून तिसऱ्यांदा गेल्यावर काकूंनी एका फुगेवाल्याला विचारलं.

"तळं?" तो हसला. "माझा जन्म इथलाच, काकू. इथे तळं कधी नव्हतंच."

काकू गर्रकन वळल्या. काका जमिनीकडे बघत म्हणाले, "अगं, मी काहीच पाहिलेलं नाही. डेपोत झोपायचो. तू इतक्या आनंदाने ऐकायचीस... मग थांबताच आलं नाही."

"सत्तावीस वर्षं थापा?" काकू ओरडल्या. त्या तरातरा पुढे गेल्या, त्या थेट चौकातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी थांबल्या. काका मागोमाग धापा टाकत आले.

"हा मनोरा तरी चढला होतात का?"

"नाही."

"मग चला वर. एवढ्या थापा मारल्यात, एक तरी खरी करून दाखवा!"

एकशे चाळीस पायऱ्या. दर वळणावर दोघं थांबत आणि माझ्यातला घोटभर चहा घेत. अर्ध्यावर येईतो काकूंना हसू फुटलं होतं. वर वारा होता आणि खाली अख्खं शहर पसरलं होतं. काका लहान मुलासारखे कठड्याला चिकटून बघत राहिले.

"यातलं तुम्हाला खरंच ओळखीचं काय?"

काकांनी लांबलचक पत्र्याच्या छपराकडे बोट दाखवलं. "तो डेपो."

"मग तोच दाखवा."

खोली तशीच होती. काकू खाटेवर बसल्या आणि लोखंडी पट्ट्यांवरून हात फिरवू लागल्या.

"उशी?"

"नव्हती. शर्ट दुमडून घ्यायचो."

काकूंनी पदराने खाटेवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "हंस कशाला सांगितलेत हो? खाट सांगितली असती, तर मी उशी शिवून दिली नसती का?"

माझं झाकण उघडून काकांनी उरलेला चहा काकूंना दिला.

मित्रांनो, आता दोघांचेही गुडघे पायऱ्या चढत नाहीत, आणि माझ्यातला चहाही तासाभरात कोमट होतो. तक्रार नाही. जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा हातात घेऊन पुसा, एवढंच मागणं आहे. आणि आणखी एक. तुमच्या घरचं माणूस कामावरून आलं, की आज काय पाहिलंस हे जरूर विचारा. पण दुपारी पाठ कुठे टेकलीस, हेही विचारा.