माणशी दोन डब्या

डेल्मर हॉगन चर्चमध्ये कधी खोटं बोलत नसे, कारण तिथे त्याला काही विकायचं नसे. त्याच्या बंदुकीच्या दुकानात मात्र 'माल संपला' हे दिवसातून वीसदा तरी कानावर पडायचं. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून तीन दिवस त्याच्या काउंटरवर उभा राहू लागलो, तेव्हा त्याने मला पहिला धडा दिला तो हाच. फळीवर दिसतात ती काडतुसं येणाऱ्याजाणाऱ्यांची. मागच्या खोलीत एक बंद पडलेला फ्रीझर आहे, त्यातली ओळखीच्यांची.

त्या सप्टेंबरात राजधानीत नव्या कायद्याचं चाललं होतं. मसुदा गावात कुणीच वाचलेला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल मतभेदही नव्हते. काडतुसं घेताना दर वेळी चौकशी होणार आणि महिन्याला माणशी दहाच डब्या मिळणार, असं कुणी कुणाला सांगितलं होतं. लोकांनी याला जुलूम म्हटलं आणि आमच्या दारात रांग लावली. चार दिवसांत फळ्या रिकाम्या झाल्या. वितरकाचा ट्रक फक्त गुरुवारी यायचा, तोही निम्माशिम्मा भरलेला. मग डेल्मरने पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहून लावलं: 'आठवड्याला माणशी दोन डब्या.' आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ. हा हिशेब मी एकदा रांगेसमोर मोठ्याने करून पाहिला. कुणी हसलं नाही.

उलट माणसंच वाढली. शाळेच्या स्वयंपाकघरातली वांडा क्रेब्स आपल्या एक्क्याण्णव वर्षांच्या सासूला चाकांच्या खुर्चीत घालून आणू लागली. म्हातारीला ऐकू कमी येई, दिसायचंही बेताचंच, पण माणशी दोन म्हटल्यावर ती माणूस होतीच.

त्या गुरुवारी लाइल प्रुएट आला. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली होती. रांगेतली निम्मी माणसं कधी ना कधी त्याच्या बसमध्ये उलट्या करून मोठी झालेली. त्याची बायको नेडीन वसंतात गेली होती. सगळ्यांनी बाजूला होऊन त्याला पुढे जाऊ दिलं. मला ते पाहून बरं वाटलं.

लाइलने अडतीस कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची एक डबी मागितली. मी म्हटलं, दोन मिळतात. तो म्हणाला, एक पुरे, फोडून अर्धी देत असाल तरी चालेल. त्याने राजधानीला शिवी दिली नाही, की पुढचा ट्रक कधी ते विचारलं नाही. चला, मनात म्हटलं, एक तरी निर्लोभी माणूस निघाला.

डेल्मर बाजूला पावती फाडत होता. त्याने मान वर केली, लाइलकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "संपली."

आता माझी चूक सांगतो. डेल्मरच्या खोटेपणाची मला नेहमी गंमत वाटे, पण नेडीनच्या नवऱ्याला रिकाम्या हाताने घालवायचं म्हणजे फारच झालं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "फ्रीझरमध्ये आहेत की दोन."

डेल्मरने माझ्याकडे पाहिलं. टपाल खात्यातल्या चाळीस वर्षांत तसं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. मग तो लाइलशी बोलू लागला, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं. यंदा शिकारीच्या हंगामात डोंगरावर येणार का? नाही. नेम धरायचा सराव करतोस हल्ली? नाही.

"मग दोन्ही घेऊन ठेव," डेल्मर म्हणाला. "कायदा आला तर पुढे मिळायची नाहीत."

"पुढचं मला काय करायचंय," लाइल म्हणाला.

दुकानात बारा-तेरा माणसं असतील. त्यांतल्या प्रत्येकाच्या तळघरात पुढची पंधरा वर्षं पुरेल इतकं काहीबाही भरून ठेवलेलं होतं. 'पुढचं' हा एक शब्द इतक्या निवांतपणे बाजूला सारणारा माणूस त्या आठवड्यात आमच्याकडे आलाच नव्हता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"लाइल, तुला मी विकणार नाही," डेल्मर म्हणाला.

रांग खवळली. ज्याच्यावर कसला गुन्हा नाही अशा माणसाला चारचौघांत नाही म्हणायचं? एकाने डेल्मरला विचारलं, की तू हल्ली कुणाच्या पगारावर आहेस.

"डेल्मर, राजधानीतल्यांना कशाला त्रास?" वांडा म्हणाली. "तूच करत जा की कायदे." मग ती लाइलकडे वळली. "मिस्टर लाइल, तुम्ही आमची घ्या."

फळीवरची शेवटची अडतीसची डबी तिच्या सासूच्या मांडीवर होती. वांडाने ती उचलायला हात घातला. म्हातारीने डबी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"माझी आहे," ती म्हणाली.

वांडाने ओढली. म्हातारी सोडेना. एरवी मी यावर आठवडाभर हसलो असतो. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात विनवत होतो, की आजीबाई, सोडू नका. तेवढ्या वेळात डेल्मर काउंटरला वळसा घालून बाहेर आला, दिवे घालवले, दारावरची पाटी फिरवली आणि सगळ्यांना हात जोडून रस्त्यावर काढलं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगल्या विक्रीचा गुरुवार होता आणि सकाळचे पावणेअकरा वाजले होते. लाइलला त्याने आपल्या गाडीत बसवलं. लाइलनेही 'कुठे' म्हणून विचारलं नाही.

मी आत अंधारात उभा राहिलो. काचेवर थापा पडत होत्या.

डेल्मर दुपारी तीनला परतला. हातात स्वयंपाकघरातल्या टॉवेलात गुंडाळलेलं लाइलच्या सासऱ्याचं रिव्हॉल्व्हर होतं. लाइलने ते आपण होऊन दिलं होतं. डेल्मरने त्याला नावाची चिठ्ठी बांधली आणि तिजोरीत ठेवलं. घरात काय झालं ते त्याने फारसं सांगितलं नाही. लाइलची बहीण पेंडलटनहून निघाली आहे, ती येईपर्यंत शेजारीण बसली आहे, आणि उद्या त्याला डॉक्टरकडे न्यायचंय, एवढंच. मग म्हणाला, "कुत्रा शेजारी देऊन टाकला होता त्याने. महिन्याच्या खाण्यासकट."

"किती दिवस ठेवायचं हे?" मी तिजोरीकडे बोट दाखवलं.

"कायदा येईपर्यंत."

कायदा अजून समितीत अडकलाय. येईल असं म्हणतात, येणार नाही असंही म्हणतात, आणि रांग दोन्हीमुळे वाढते. लाइल दर गुरुवारी दहाला येतो. अडतीसची आहे का, विचारतो. डेल्मर संपली म्हणतो. लाइल मान हलवतो, काउंटरच्या टोकाला बसून कॉफी घेतो. कुत्रा परत त्याच्याकडे आलाय, तो बाहेर गाडीत भुंकत असतो. फ्रीझरमधलं मी काही बोलत नाही.

गेल्या गुरुवारी सव्वाअकरा झाले तरी तो आला नव्हता. डेल्मरने एकाच गिऱ्हाइकाला दोनदा सुटे पैसे दिले. मी फोन लावला, कुणी उचलला नाही. डेल्मर गाडीची किल्ली शोधत होता, तेवढ्यात दार उघडलं. लाइलच्या गाडीची बॅटरी बसली होती.

"संपली," डेल्मर म्हणाला. जरा मोठ्यानेच.

"मी अजून विचारलं नाही."

"मग विचार."

लाइलने टोपी काढून हातात धरली. मग त्याने विचारलं.