दारावरची टकटक

“ते दार नीट घास, दादा. एक ओरखडा राहता कामा नये,” एवढं बोलून दोमितिला भावाकडे पाठ करून तळ्याकडे बघत उभी राहिली.

निकानोर निळ्या गाडीपाशी उकिडवा बसला होता. ते दार म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूचं. खिडकीच्या खाली वीतभर जागेत बारीक ओरखड्यांचं जाळं झालं होतं. दोमितिलाचा नवरा इलारिओन, त्याच्या अंगठीचे ते ओरखडे. कोपर बाहेर काढायचं, अंगठीनं दारावर टकटक करायची आणि “कसानी, कसानी” ओरडत सरहद्दीवरच्या त्या गावाचे प्रवासी गोळा करायचे, यात त्या माणसाचं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी माणूसही गेला. निकानोरचा तो मेहुणा खरा, पण मेहुणा होण्याच्या कितीतरी आधीपासूनचा दोस्त.

“अगं, एवढं काय आहे त्यात? जुनी गाडी म्हटली की ओरखडे असायचेच,” निकानोर म्हणाला.

“तुला काय जातंय बोलायला. आठव्या दिवशी त्याचे कपडे धुतले, जाळले. टोपीसुद्धा ठेवली नाही मी. गाडी तेवढी राहिली. अंगणात झाकून ठेवली, तरी पहाटे टकटक ऐकू येते मला.” तिनं शाल गळ्याशी ओढून घेतली. “जीव अडकलाय त्याचा तिथं. आज गाडी योवानाची होईल. आज तरी जाऊ दे त्याला.”

गेलेल्या माणसाचं काही मागे ठेवलं तर त्याचा पाय निघत नाही, हे तळ्याकाठच्या या कोपाकबानात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोमितिला आशीर्वादाच्या मेणबत्त्या आणायला गेली आणि निकानोरनं बादली ओढली.

चर्चमागच्या या चढावर निकानोर ताऱ्कीचा गाड्या चमकवायचा धंदा होता. नवी गाडी घेतली की ती कुमारी मातेच्या दारात आणायची, फुलांनी मढवायची, पाद्रीबाबांकडून पाणी शिंपडून घ्यायचं आणि वर धरणीमातेच्या नावानं बिअर आणि दारू ओतायची. पण त्याआधी गाडी निकानोरकडे. लोक ग्लेझ मागायचे, कारण ग्लेझ लावलं की जुनी गाडी नवरीसारखी दिसते. निकानोर मनापासून वैतागायचा. “बाबांनो, ग्लेझ म्हणजे झाकली मूठ. ओरखडा तिथंच असतो, वरनं तेल भरतं एवढंच. टिकायला पाहिजे तर आधी रबिंग करून ओरखडा घासून काढायचा, मग वर सीलंटचा पक्का थर. आणि ग्लेझच पाहिजे असेल तर वरून मेण लावतो, पण दारू चाकांवर ओता, पत्र्यावर नको. दारूनं सगळं सोंग उतरतं.” लोक हो म्हणायचे आणि पत्र्यावरच ओतायचे.

गाडी विकत घेणारी योवाना हारांची टोपली घेऊन आली. सरहद्दीच्या रांगेत गाडी लावणारी ही पहिलीच बाई, आणि त्यावरून पुरुषांनी तिला पुरेसं छळलं होतं.

“काका, गाडी अशी करा की त्या मेल्यांची बोलती बंद झाली पाहिजे.”

“गाडी मी चमकवतो. बोलती तू बंद कर,” निकानोर म्हणाला.

त्यानं टप घासला, बॉनेट घासलं, बाकीची दारं घासली. जुना रंग, वर काचेसारखा थर नाही, त्यामुळे रबिंग करताना निळा रंग फडक्याला लागत होता. मग सगळं कोरडं पुसून सीलंटचा हात दिला. शेवटी राहिलं ते दार. फडक्यावर रबिंगचा गोळा घेतला, दाराला टेकवला आणि त्याचा हात पुढे सरकेना. या टकटकीवर त्याची सकाळ व्हायची. इलारिओन पहिली खेप काढताना चढावरून जायचा, दारावर दोनदा वाजवायचा. म्हणजे, उठलास का रे. त्याला बोलून दाखवायची सवय नव्हती आणि निकानोरलाही नव्हती. वर्ष झालं, सकाळ आपली मुकाट्यानं उजाडत होती.

त्यानं रबिंगचं फडकं खाली ठेवलं आणि ग्लेझची बाटली उचलली. हलक्या हातानं चोळलं. ओरखडे बघता बघता दिसेनासे झाले. ग्लेझच्या तेलावर सीलंट धरत नाही, म्हणून वरून मेण लावलं.

“बाकीच्याला सीलंट आणि या दाराला मेण का हो?” योवानानं विचारलं. पोरगी भलती तिखट नजरेची.

“ऊन लागतं या बाजूला,” त्यानं ठोकून दिलं. चार पावसात ग्लेझ निघून जाईल, ओरखडे परत वर येतील. तोवर गाडी कसानीच्या रस्त्यावर असेल. कधीतरी समोरून येईल तेव्हा आपण आपल्यापुरतं बघून घेऊ. बहिणीला कशाला कळतंय, असा त्याचा हिशेब होता.

दुपारच्या आत चर्चसमोर गाड्यांची रांग लागली. पाद्रीबाबा पाणी शिंपडून पुढे गेले. मग यातिरीबाबा, म्हणजे धरणीमातेची पूजा सांगणारे म्हातारे, ऊद आणि निखाऱ्यांची शेगडी घेऊन आले. दोमितिला या गाडीची मानलेली आई, त्यामुळे दारूची बाटली तिच्या हातात.

“चाकांवर हं, दोमी,” निकानोर म्हणाला. एरवी तो हे सांगून सोडून द्यायचा. आज तिच्या मागे मागे फिरला.

तिनं चारही चाकांपाशी थेंब थेंब वाहिले. शेवटी ड्रायव्हरच्या दारापाशी थांबली. दार स्वच्छ होतं, आरशासारखं. ती बघतच राहिली. मग तिनं उरलेली सगळी बाटली त्या दारावर रिकामी केली.

“जा आता,” ती म्हणाली. “सुखानं जा.” आणि आजारी माणसाचं तोंड पुसावं तसं शालीच्या पदरानं दार पुसू लागली.

निकानोर पुढे झाला, पण उशीर झाला होता. मेण गेलं, ग्लेझ गेलं, आणि तिच्या हाताखाली अंगठीचे ओरखडे एकेक करून वर आले. दोमितिलाचा हात थांबला.

“दादा, हे काय रे?”

“नाही जमलं मला.”

“मी तुला काय सांगितलं होतं?”

“सांगितलं होतंस. हात चालला नाही, दोमी. तुझ्या एकटीचा होता का तो?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, “माझ्या एकटीचा नव्हता, कबूल. पण टकटक मला एकटीला ऐकू येते, दादा. तू त्याला ठेवून घेतलंस आणि झोप माझी गेली.”

निकानोरला मान वर करवेना. खरंच होतं ते. आपलं दुःख जपायला त्यानं बहिणीचं दुःख राखून ठेवलं होतं, आणि हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

योवाना मध्ये पडली. “राहू दे ना, काकू. मला नाही त्रास त्याचा.”

“नको,” निकानोर म्हणाला. “जरा थांबा सगळे.”

तो सामान घेऊन आला. हार बाजूला सारून दारासमोर गुडघे टेकले आणि रबिंग घेऊन घासायला लागला. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा यातिरीबाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की परत वाजला नाही. निकानोर घासत होता आणि रडत होता, आणि लपवतही नव्हता. ओरखडे पुसट झाले, मग गेले. त्यानं कोरड्या कापडानं पुसून बोटं फिरवून पाहिली. काही लागलं नाही. मग त्यावर सीलंटचा हात दिला, नीट, बाकीच्या गाडीला दिला तसा.

“झालं,” तो म्हणाला.

दोमितिला त्याच्या शेजारी येऊन उभी होती. तिनं दाराला हात लावला नाही, भावाच्या खांद्यावर ठेवला. निकानोरच्या मुठीत रबिंगचं फडकं होतं, दाराच्या रंगानं निळंशार झालेलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. खिशाकडे हात गेलासुद्धा. मग त्यानं यातिरीबाबांकडे पाहिलं आणि बाबांनी शेगडी पुढे केली.

फडकं आधी धुमसलं, मग पेटलं. योवानानं गाडी चालू केली आणि उताराला लागताना खिडकीतून ओरडली, “कसानी, कसानी.” आवाज बारीक होता, पण ऐकू गेला. निकानोर निखाऱ्यांकडे बघत रिकामा हात पँटला पुसत राहिला.