तरास म्हणजे कसला

"सुनबाई, घरातली पोरगी 'तरास' म्हणली की हातातलं काम ठिवायचं. कसला तरास, ते इचारल्याबिगर उठायचं न्हाई."

माझ्या सासूबाई, केशरबाई, हे सांगून गेल्या. मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं, कारण आमच्याकडं तरास हा शब्द सगळ्यालाच लागतो. गुडघ्याचा तरास, माकडांचा तरास, लाइटीचा तरास, जावयाचा तरास. इतक्या वेळा कानावर पडतो की कान तो गाळूनच टाकतात.

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या दिराची, सर्जेरावांची मुलगी मोनाली फाट्यावरून शिटा भरून जाणारी जीप सोडून बसने कॉलेजला जायला लागली. ती परतूरला बारावी सायन्सला आहे. बस उशिरा पोचते, पहिलं प्रॅक्टिकल बुडतं. सरांचा फोन आला तेव्हा सर्जेरावांनी तिला अंगणात उभी करून विचारलं.

"जीपनं का जात न्हाईस?"

"मिथुन तरास देतो."

"कसला?"

ती बापाकडं बघेना. "चिडवतो," म्हणाली.

मिथुन जीप चालवतो. गाडी काकासाहेबांची, फाट्यावर त्यांचं खताचं दुकान आहे आणि मिथुन त्यांच्याकडं पगारी. सर्जेराव त्याच संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात गेले. मिथुन तिथंच होता, विचारलं तसा चारचौघांसमोर हसला.

"अवो दादा, 'यंदा नापास झालीस की तुझं लगीन', एवढंच म्हणलं तिला. बहिणीसारखी हाय मला. बहिणीला चिडवू बी न्हाई का?"

हॉटेलातले हसले. सर्जेरावही हसले, आणि मिथुनने पाजलेला चहा पिऊन घरी आले.

"चेष्टा कळंना का तुला?" मोनालीला म्हणाले. "सोमवारपासून जीपनं जायचं. न्हाईतर घरी बसायचं. मंठ्याचे पाहुणे तसंही इचारून राह्यले."

तिची आई सुरेखा भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी आणि मोनाली ओसरीत शेंगा फोडत बसलो.

"चिडवतो म्हणजे, नावं ठेवतो का तुला?"

"न्हाई."

"खिजवतो? वेडावून दाखवतो?"

"खिजवायला मी काय बालवाडीत हाय का, मोठीआई?"

"मंग खोड काढत असंल. वेणी ओढायची, बॅग लपवायची."

"तुझे सगळे शब्द शाळेतलेच हायत." ती जराशी हसली.

"डोकं खातो? फोन करकरून भंडावतो?"

"नंबरच न्हाई त्याच्याकडं." तिचे हात थांबले. "मला पुढंच बसवतो. गिअरपाशी. मागं जागा असली तरी. मंग गिअर टाकताना..." तिने मांडीवर बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखं उचललं. "दर टायमाला. उतरताना वरून म्हणतो, रस्ता लई खराब हाय."

मी पुढं विचारलं नाही. तो शब्द दोघींच्या मध्ये येऊन बसला होता, आणि आमच्या घरात तो आजवर कुणी मोठ्याने उच्चारला नव्हता.

चिडवलं म्हटलं की लोक चिडवणाऱ्याकडं बघतात. छेड काढली म्हटलं की जिची काढली तिच्याकडं बघतात. पुढं बसलीच कशाला, हसली असंल, ओढणी कुठं होती. म्हणून पोरी 'चिडवतो' म्हणतात. तेवढा शब्द बापासमोर तोंडातून निघतो. बाप तेवढाच घेऊन फाट्यावर जातो आणि हसून परत येतो.

"पप्पाला सांगू नको," मोनाली म्हणाली. "सांगितलं तं कॉलेज बंद."

"अन् न्हाई सांगितलं तं?"

तिने पुढची शेंग उचलली. बसने गेली तर प्रॅक्टिकल जाणार, जीपने ती जाणार नव्हती.

"कॉलेज बंद होऊ देत न्हाई," मी म्हणाले. "आन मिथुनच्या शेजारी बसायची पाळी बी येऊ देत न्हाई. शब्द देते तुला."

दिवेलागणीला मी सर्जेरावांना सांगितलं. जे होतं ते, त्याच नावाने. ते उभे होते ते बाजेवर बसले.

"वैनी, तो शब्द घरात काढू नका. पोरीचं नाव निघंल. मी जातो काकासाहेबांकडं, म्हणतो, तुमचा माणूस लई चिडवतो, जरा समज द्या."

"चिडवण्याची समज देतील ते. मंग तो तोंडानं चिडवायचं बंद करील. हात गिअरवरच राहील."

"मंग काय सांगायचं? आन सांगणार कोण?" सुरेखा चुलीपासून बोलली. "तुम्ही, ताई? तुम्ही हाक मारली तं आपल्याच अंगणातली कोंबडी मान वर करीना."

मला हसू आलं. खोटं नव्हतं ते.

"चिडवतोच म्हणा, वैनी," सर्जेराव म्हणाले. "एका शब्दानं काय बिघडतं?"

"रोज सकाळी पंचशील घेते मी, भाऊजी. खोटं बोलणार न्हाई हे चौथं. एवढ्या मोठ्या गोष्टीला चिडवणं म्हणायचं तं उद्या बुद्धांपुढं बसू कशी?"

मग सर्जेराव खाली बघूनच म्हणाले, "मंग तुम्हीच बोला. मी चहा पिऊन आलो त्याचा. मला तोंड न्हाई राह्यलं." थोडं थांबून म्हणाले, "पण एक सांगतो. तिथं कुणी फिदीफिदी हसलं, तं पोरगी घरी. ते मला बघवणार न्हाई."

मोनाली दारात उभी राहून ऐकत होती. मला आत घेऊन गेली.

"तुला म्हणता यील का, मोठीआई?"

"भाऊजींना सांगितलं की आत्ता."

"ते घरातलं झालं. काकासाहेब गल्ल्यावर बसतेत, गिऱ्हाईक असतेत. म्हणून दाखव."

मी म्हणाले, "आमच्या मोनालीची छेड..."

"ऐकू येईना. आन माझं नाव आधी कशाला घेतीस? सगळे मलाच बघतील."

मला एकदम कळेना.

"त्याचं नाव आधी घे," ती म्हणाली. "मिथुननं. तिथून सुरू कर. माझं नाव न्हाई घेतलं तरी चालतंय."

मी पुन्हा म्हणाले. मिथुननं जीपमधी पोरीची छेड काढली. मग आणखी एकदा, जरा वरच्या आवाजात. चुलीपाशी सुरेखाच्या हातातली परात वाजायची थांबली.

"आता बराबर," मोनाली म्हणाली.

सोमवारी काकासाहेबांनी दुकान उघडायच्या वेळेला मी निघाले. मोनाली गणवेश घालून, बॅग दाराशी ठेवून वेणी घालत बसली होती. सर्जेराव नळावर तोंड धूत होते. त्यांनी वर बघितलं. वाटेत लावलेली मोटारसायकल तेवढी बाजूला घेतली. मी चपला घातल्या, पदर खोचला आणि फाट्याकडं चालू लागले.