आग्नेयेचं स्वयंपाकघर

ऑकलंडजवळच्या रांगिटोटो बेटावर दिवसभराची सहल होती. ट्रॅक्टरच्या गाडीतून काळे जळके दगड बघत हिंडलो आणि पायऱ्या चढून माथ्यावर पोचलो. पुढ्यात ज्वालामुखीचं तोंड, आत रान माजलेलं.

"सहाशे वर्षांपूर्वी पेटला होता, आई," यशोधन म्हणाला.

"याच्या अंगावर घर बांधायची दुर्बुद्धी कुणाला झाली नाही, हे बरं."

तो चपापला. समुद्रापलीकडे बोट दाखवत म्हणाला, "ऑकलंडात असे पन्नासेक आहेत. आपल्या घरामागची टेकडी त्यातलीच."

मी होते तिथेच बसले. "मेल्या, घर घेताना तोंड शिवलं होतं तुझं?"

सुखदा, माझी सून, हळूच म्हणाली, "मी सांगत होते, आई. तुम्ही म्हणालात, स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, अग्नीची जागा बरोबर आहे, हेच घ्यायचं. मला सपाटीवरचं आवडलं होतं."

खरं होतं. तिने सुचवलेली तीन घरं मी ओटा बघूनच नाकारली होती. उभ्या जन्मात सुनेपुढे हार मानली नव्हती.

"पुढचं घर तू बघ," मी म्हटलं. "मी फक्त दूध उतू घालायला येईन."