कृष्णाकाठ, बहुमताने

दृष्टी पूर्ण जाण्याआधी मला वाई ते कऱ्हाड हा कृष्णाकाठ एकदा पाहायचा होता. ज्या घाटांवर मी आयुष्यभर लिहिले, ते घाट. हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा आमोद याने सहलीचा आराखडा करायला घेतला आणि त्यासाठी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान घेतले. स्ट्रॉबेरीचा मळा, मिसळ आणि रिसॉर्ट निवडून आले. घाटांना एकच मत पडले, माझे.

"अरे, मग नदी?"

"आत्या, हायवेच्या पुलावरून दिसतेच की! तिथे गाडी स्लो करू."

"नको रे, मिसळ गार होईल."

बहुमताचा योग्य तो आदर राखून मी दुसऱ्याच दिवशी स्वारगेटहून एकटीच वाईच्या एसटीत बसले. खिडकीजवळची जागा मिळाली.