वीतभर आखूड

बेसबॉलच्या सामन्याचा पाचवा डाव संपला आणि रीस टॉलिव्हर बाकाच्या टोकाला जाऊन बसला. त्याच्या शेजारी चार माणसांची जागा मोकळी. प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या चेंडूवर अजून एकही हिट, म्हणजे धावून तळ गाठता येईल असा फटका, मिळाली नव्हती, आणि अशा वेळी चेंडू टाकणाऱ्या पिचरशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही, नाहीतर नजर लागते, हा ओक्लाहोमातल्या पोरांचा कडक नेम.

कोच हार्लन टॅकेट यांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. सुरुवातीला रीसचा चेंडू ताशी एक्क्याण्णव मैलांनी सुटत होता; आता शहाऐंशीवर आला होता. जाळीमागे मोठ्या विद्यापीठाचा माणूस वेग मोजायचं यंत्र रोखून बसलेला. सातव्या डावातही नव्वद दिसले तर शिष्यवृत्ती, नाहीतर नाही, असं त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं. हे दोन वर्षांचं कॉलेज मे महिन्यात संपलं की रीसचं शिक्षण तिथेच थांबणार होतं.

दुखणं कुठे आहे ते हार्लनना दिसत होतं. चेंडू टाकायच्या उंचवट्यावर रीसच्या पुढच्या पावलाने पडलेला खळगा वीतभर मागे सरकला होता. हिट जाऊ नये म्हणून पोरगा चेंडू जपून टाकत होता.

ते उठले.

"कोच, कुठं निघालात?" रीसचे चेंडू झेलणारा कॅचर बो याने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. "बोललात तर सगळं बाटेल!"

"बाटलं तर माझ्या माथी."

ते रीससमोर उभे राहिले. "पाऊल आखूड पडतंय तुझं."

रीस लालबुंद झाला. "आत्ता? आत्ताच बोलायचं होतं?"

"सहा बुटांच्या लांबीचं पाऊल टाकायला हिवाळाभर शिकलास ना? मग तसं टाक."

"आणि हिट गेली तर?"

"जाऊ दे. तो माणूस हिट मोजायला आलेला नाही."

सहाव्या डावात पहिला चेंडू नव्वद. दुसरा एक्क्याण्णव, आणि तोच फलंदाजाने सरपटत दोघा क्षेत्ररक्षकांच्या मधून काढला. हिट!

"झालं समाधान?" बाकावरून कुणीतरी म्हणालं.

हार्लन ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत मातीकडे बघत राहिले. आता पोरगा पुन्हा बिचकला तर संपलं. रीसने हात पुसला, खांदे हलवले. पाऊल जुन्या खळग्याच्याही पुढे पडलं.

एक्क्याण्णव. पुढचाही. सातव्या डावातला शेवटचा चेंडू नव्वद.

सामना संपल्यावर विद्यापीठाचा माणूस जाळीतून रीसला म्हणाला, "घरी आत्ता कोण असेल? फोन लावायचाय."

रीसने टोपी काढून तोंडावर धरली.

"आई असेल," बो म्हणाला. "पण तिला आधी खाली बसायला सांगा हं."